उस्ताद हशमतचा कार्बोरेटर

उस्ताद हशमतने त्या आठवड्यात चौथ्यांदा कार्बोरेटर खोलला तेव्हा तूबा स्वयंपाकघराच्या खिडकीत तांदूळ निवडत होती. खडे कमी निघत होते आणि शिव्या जास्त. शिव्या मनातल्या मनात होत्या, कारण नवरा अंगणात गाडीवर वाकलेला होता आणि वाकलेल्या नवऱ्याला काही ऐकू गेलं की तो सरळ उभा राहून भाषण करतो, हे ती लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ओळखून होती.

गाडी म्हणजे पिस्त्याच्या रंगाची जुनी पायकान. फरामर्जच्या आजोबांची. या गाडीतून शाळेत जायला फरामर्जचा बाप लाजायचा, कोपऱ्यावरच उतरून चालत जायचा. आता नातवाला लग्नाची वरात याच गाडीतून काढायची होती, कारण तेहरानमधल्या शौकीन पोरांनी जुन्या पायकानना फुलं लावून फोटो काढायची टूम आणली होती. बापाने ज्याची लाज धरली त्याचा मुलाने टेंभा मिरवायचा, याला हल्ली हौस म्हणतात. पण फरामर्ज तूबाच्या भाचीचा, मर्जानचा, नवरा होणार होता, म्हणून तूबाने ही हौस गोड मानून घेतली होती. मर्जानची आई लवकर गेली. तिच्या वेण्या तूबाने घातल्या होत्या, तिचे ताप तूबाने काढले होते. स्वतःचं मूल नव्हतं, त्यामुळे जे काही होतं ते सगळं त्या पोरीवर ओवाळून टाकलं होतं.

तर गाडीचं दुखणं असं होतं. हमदानच्या थंडीत सकाळी सेल्फ मारला की ती नुसती कण्हायची. चोक ओढा, सोडा, पुन्हा ओढा, बॅटरी अर्धमेली होईपर्यंत सेल्फ मारा, मग कुठे ती खोकून सुरू व्हायची. आणि सुरू झाली तरी रेस दिली की दम लागल्यासारखी अडखळायची, पुढे जाऊ की नको जाऊ असं करत दोन धक्के खायची आणि मग निघायची. दुपारपर्यंत मात्र अशी गुणी व्हायची की जणू हिचा दोष कुणी काढलाच नव्हता.

हशमतने पहिल्या दिवशी जेट साफ केले. दुसऱ्या खेपेला आतला रबरी पडदा बदलला. तिसऱ्या खेपेला सुई बदलली आणि पिस्टनवरचं तेल बदललं, आधी पातळ घातलं, मग जाड घातलं, मग दोन्ही मिसळून काहीतरी घातलं. प्रत्येक वेळी कार्बोरेटर पेट्रोलमध्ये घासूनपुसून नव्या नवरीसारखा चकचकीत केला. आणि प्रत्येक सकाळी गाडी तशीच कण्हली.

"आता सापडलं," तो बॉनेटखालून ओरडला. "फ्लोट! फ्लोट केसभर वर आहे. त्या केसाचाच सगळा खेळ आहे, तूबा."

"काल सुईचा खेळ होता," तूबा म्हणाली.

"काल सुईचा होताच. आज फ्लोटचा आहे. कार्बोरेटर म्हणजे काय कांदा वाटला तुला, की एकदा सोलला आणि झालं?"

तूबाने तांदूळ पाण्यात टाकले. हा माणूस कार्बोरेटरशिवाय दुसरं काही बघू शकत नाही, हे तिला अगदी स्वच्छ दिसत होतं. त्याचा दात दुखला असता तरी त्याने आधी जेट तपासले असते. पण त्याला ते सांगायची सोय नव्हती, आणि सोय नव्हती त्याचं कारण तिचा सख्खा भाऊ होता.

मलायर रस्त्यावरच्या गॅरेजवाल्यांच्या गल्लीत कुणी कशाला हात लावायचा ते ठरलेलं आहे. कार्बोरेटरवाला कार्बोरेटरला, पत्रेवाला पत्र्याला, आणि बॅटरी, वायरी, दिवे, प्लगपर्यंत जाणारी ठिणगी हे सगळं बॅटरीवाल्याचं. दुसऱ्याच्या कामाला पाना लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटातली बोटी उचलणं. आणि गल्लीत कार्बोरेटरवाल्या हशमतच्या दुकानाच्या बरोबर समोरचं दुकान बॅटरीवाल्या उस्ताद यदुल्लाचं, म्हणजे तूबाच्या भावाचं, मर्जानच्या बापाचं होतं.

त्या दोघांचा अबोला होता. मर्जान अजून शाळेच्या गणवेशात होती तेव्हापासूनचा. एका टॅक्सीवाल्याची गाडी मिस मारत होती. हशमत म्हणाला ठिणगीचा दोष, यदुल्ला म्हणाला कार्बोरेटरचा. बिचारा टॅक्सीवाला महिनाभर रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला गाडी ढकलत राहिला आणि शेवटी वैतागून ती विकून गावाला निघून गेला. तेव्हा यदुल्लाने भर चहाच्या टपरीत हशमतला "पितळ घासणारा" म्हटलं आणि हशमतने त्याला "बल्ब बदलणारा" म्हटलं. तेवढ्यावर दोन मिशाळ माणसांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. नवरोजला, नव्या वर्षाच्या दिवशी, दोघं एकाच घरी शुभेच्छा द्यायला जात, पण वेळ चुकवून. रस्त्यात समोरासमोर आले तर दोघांनाही अचानक आकाशात काहीतरी महत्त्वाचं दिसे. फारच अडलं तर मध्ये तिसऱ्याला उभं करून बोलत, "या गृहस्थांना सांगा, त्यांच्या गिऱ्हाइकाची गाडी माझ्या दारात आहे." आणि ते गृहस्थ दोन हात अंतरावरच उभे असत.

भावाच्या घरी तूबा एकटीच जायची. इतकी वर्षं तिने ते निभावलं होतं, पण आता निभणार नव्हतं. लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर पांढरं कापड धरतात आणि त्यावर साखरेचे दोन सुळके एकमेकांवर घासतात, आणि ती साखर सुखी संसाराच्या बाईनेच घासायची असते. ती आपण घासायची असं तूबाने मर्जान पाळण्यात असल्यापासून ठरवलं होतं. तर फरामर्जच्या आत्याने, बद्री खानुमने, सगळ्या बायकांत बसून साळसूदपणे विचारलं होतं, "जिचा नवरा लग्नाला पाऊलसुद्धा टाकणार नाही, तिच्या हातची साखर घ्यायची का आपल्या मुलावर? मी आपलं विचारते हो." बाईने विचारलंच होतं, पण सुरी खुपसून पुसून ठेवावी तसं.

आमंत्रण यदुल्लाने बहिणीच्याच हाती पाठवलं होतं. त्यावर हशमतने आपली अट सांगितली. "माझ्या कार्बोरेटरवर वरात निघाली तर मी ताठ मानेने येईन आणि पहिल्या ओळीत बसेन. गाडी सुरू झाली नाही, तर त्या बल्बवाल्याच्या दारात मी नाक कापून घ्यायला येणार नाही. चार लोकांत शब्द दिलाय मी, एका सेल्फमध्ये सुरू करून दाखवतो म्हणून."

मोहरम तोंडावर होता, शोकाच्या त्या महिन्यात लग्नं लागत नाहीत, त्यामुळे तारीख पुढे जाणं शक्य नव्हतं. म्हणजे तूबाची साखर आता एका म्हाताऱ्या गाडीच्या खोकल्यावर अवलंबून होती.

मंगळवारी ती भावाकडे गेली. बहिणीला तो आबजी म्हणायचा, ती त्याला दादाश. यदुल्ला रॉकेलच्या शेगडीजवळ पाय पसरून बसला होता आणि त्याच्या तोंडावर असा आनंद होता की लग्न मुलीचं आहे की त्याचं, असं वाटावं.

"काय आबजी, सुई झाली, तेल झालं, आज काय बदललं आपल्या शास्त्रज्ञाने?"

"फ्लोट."

यदुल्ला इतका हसला की साखरेचा खडा त्याच्या घशात अडकला. चहाचा घोट घेऊन तो डोळे पुसत म्हणाला, "अगं, मी गाडी पहिल्या दिवशी गल्लीत शिरताना ऐकली. नुसती ऐकली! डिस्ट्रिब्युटरच्या झाकणाला तडा गेलाय. केसाएवढा. पहाटेचा ओलावा त्यात शिरतो आणि ठिणगी प्लगकडे जायची ती वाट सोडून तिकडेच पळते. गाडी तापली की तडा वाळतो, की झाली गाडी शहाणी. रेस दिली की ठिणगीला जास्त जोर लागतो, की पुन्हा पळाली. काळोखात बॉनेट उघडून सेल्फ मारला तर आंधळ्यालाही निळी रेघ दिसेल. पण तो बघणार कुठे? त्याचं नाक कार्बोरेटरमध्ये!"

"मग सांग ना कुणाकडून तरी."

"मी? का म्हणून? त्याने रस्ता ओलांडावा, माझ्या दारात उभं राहावं आणि म्हणावं, उस्ताद, माझ्याच्याने होत नाही, बघा."

"दादाश, वरात तुझ्या मुलीची आहे."

"टॅक्सी आहेत की हव्या तेवढ्या. पण त्या पितळ घासणाऱ्याची मिशी सगळ्या गल्लीसमोर खाली येईल. हा योग पुन्हा येणार आहे का?"

तूबाने भावाकडे पाहिलं. हा तिचा थोरला भाऊ, ज्याला आईने दूध-साय घालून वाढवलं. पोरीची वरात रस्त्यात बंद पडावी म्हणून हा शेगडीशी बसून पाय शेकत होता. नवरा मूर्ख होता, पण निदान मूर्खपणात मेहनत तरी घेत होता. हा सगळं ठाऊक असून हातावर हात धरून बसला होता. दोघांना एका पोत्यात घालून अल्वंद डोंगराच्या बर्फात नेऊन ठेवावं, असं तिला मनापासून वाटलं.

"फार अवघड काम असेल ते झाकण बदलायचं," ती म्हणाली.

"अवघड? दोन चाप, पाच वायरी! जुन्यावरची एक काढायची, नव्यावर त्याच जागी लावायची, मग दुसरी. सगळ्या एकदम उपटतो तो गाढव. तूसुद्धा बसवशील, आबजी! पण तुझा उस्ताद नाही बसवणार." आणि तो पुन्हा हसायला लागला.

बुधवारी पहाटे हशमतने बॉनेट उघडून सेल्फ मारून बघायला घेतला तेव्हा तूबा चहाचा पेला घेऊन मुद्दाम अंगणात गेली. अजून नीट उजाडलं नव्हतं. हशमत खिडकीतून हात आत घालून किल्ली फिरवत होता आणि मान लांब करून कार्बोरेटरकडे टक लावून बघत होता. आणि त्याच्या नाकापासून वीतभर लांब, त्या काळ्या झाकणावर, एक निळी बारीक रेघ सरपटत जाऊन विझली. पुन्हा किल्ली, पुन्हा रेघ.

"अहो, तिकडे काहीतरी चमकलं."

"कुठे?"

"त्या काळ्या डब्यावर. वायरी निघतात त्या."

हशमतने वळूनही पाहिलं नाही. "तुझ्या डोळ्यांत चमकलं असेल. ते माझं खातं नाही. पेट्रोलचा वास बघ, कसा भरभरून येतोय. इकडे पोट भरलंय गाडीचं, आणि म्हणे चमकलं! चहा ठेव आणि आत जा, सर्दी होईल."

ती चहा ठेवून आत गेली. तिला सर्दी झाली नाही, संताप मात्र असा आला की तिने सकाळचं पनीर नुसतं कुस्करून ठेवलं.

त्याच दुपारी तिने चादोर अंगावर घेतली आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली. गल्लीत झाकण विकत घेतलं असतं तर ते पिशवीत पडायच्या आधी बातमी चहाच्या टपरीवर पोचली असती. तिथला दुकानदार काउंटरवर मांजर घेऊन बसला होता. त्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कुठल्या पायकानचं पाहिजे, हाजिया खानुम? मॉडेल काय?"

"जुनं. जे नवऱ्यांना रडवतं ते."

"ती सगळीच रडवतात. नवऱ्याला पाठवायचं ना."

"नवरा कामात आहे. त्याला काय पाहिजे ते त्याला कळेपर्यंत तुमचं मांजर आजी होईल."

दुकानदार हसला आणि त्याने फळीवरून झाकण काढून दिलं. मातकट रंगाचं होतं. "काळं नाही?" तिने विचारलं. काळं नव्हतं. तिने तेच घेतलं. रंगाने काय फरक पडतो, असं तिला तेव्हा वाटलं.

गुरुवारी दुपारी हशमत हमामला गेला. उद्या लग्न, म्हणजे हमाम आणि मग न्हावी, म्हणजे मिशीला कात्री आणि टपरीवर गप्पा. तूबाने अंगणाच्या दाराला कडी घातली, गाडीवरची गोधडी काढली आणि बॉनेट उचललं. उचलताना वाटलं त्यापेक्षा ते जड निघालं आणि तिच्या तोंडून भावाच्या नावाने एक शिवी निघाली.

दोन चाप. पहिला बोटाने निघेना, चमच्याच्या दांड्याने निघाला. जुनं झाकण उचलून तिने उजेडात धरलं. आत खरंच एक तडा होता, भांड्याला जातो तसा, कडेला काळा पडलेला. या एवढ्याशा रेघेवर दोन पुरुषांनी आठवडाभर आपापली शान चढवून ठेवली होती. तिने नवं झाकण जुन्याशेजारी धरलं आणि वायर काढायला घेतली. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी काढताना चौथीही तिच्याबरोबर उपटून आली.

आता दोन वायरी हातात आणि, मधलं सोडून, दोन भोकं समोर. तूबाच्या कपाळाला थंडीत घाम आला. चुकलं तर गाडी उद्या सुरूच होणार नाही, आणि मग फ्लोटचा दोष की सुईचा, हे शोधत नवरा लग्न संपेपर्यंत अंगणात बसेल. तिने दोन्ही वायरी हलकेच सोडून पाहिल्या. एक आखूड होती. ती लांबच्या भोकापर्यंत पोचतच नव्हती, ताणली तरी नाही. जवळच्या भोकात मात्र ती अशी बसली, जशी सवयीची जागा असावी. मग दुसरीला दुसरी जागा, आणि पाचवीला मधली. "एवढंच?" ती मोठ्याने म्हणाली. एवढ्यासाठी हे लोक उस्ताद म्हणवून घेतात आणि रस्त्याने छाती काढून चालतात?

तिने चाप लावले, बॉनेट मिटलं, गोधडी घातली आणि जुनं झाकण रस्त्याकडेच्या पाटात टाकून दिलं. पाणी त्याला घेऊन गेलं.

शुक्रवारी सकाळी फरामर्ज फुलवाल्याकडे गाडी न्यायला आला तेव्हा हशमतने त्याला आधी अंगणाच्या मध्यभागी उभं केलं. शेजारचे दोघं भिंतीवरून डोकावत होते. हशमतने बाह्या सारल्या, चोक ओढला, सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि किल्ली फिरवली.

पायकान पहिल्याच फटक्यात सुरू झाली. नुसती सुरू झाली नाही, गुरगुरली. हशमतने रेस दिली, ती न अडखळता वर चढली, पुन्हा दिली, पुन्हा चढली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते तूबाने नीट पाहिलं. ते आश्चर्य होतं. मग त्याने ते पुसून टाकलं आणि तिथे गर्व बसवला.

"फ्लोट!" तो म्हणाला. "केसभर! काय सांगत होतो मी?"

"तुमच्या हातात जादू आहे, उस्ताद," फरामर्ज म्हणाला. या पोराला बॉनेटची कळ कुठे असते तेही माहीत नव्हतं.

"जादू नाही, बाळ. विद्या आहे. तूबा, माझा कोट काढ. तो निळा. आपण दोघं जाऊ."

कोट काढताना तूबाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती दोन शब्दांनी विरघळली, याचा तिला थोडा रागही आला.

दुपारी फुलांनी झाकलेली गाडी यदुल्लाच्या अंगणात शिरली. मागून दहा गाड्या भोंगे वाजवत होत्या. बायका जीभ हलवत आनंदाची कील घालत होत्या, दृष्ट लागू नये म्हणून जाळलेल्या इस्पंदच्या दाण्यांचा धूर निघत होता. हशमत पहिल्या गाडीतून उतरला, पाठीचा कणा सरळ, मिशी टोकदार. यदुल्ला दारात उभा होता. त्याचा चेहरा असा झाला होता, जशी त्याने ठेवून दिलेली मिठाई कुणीतरी खाऊन टाकली असावी. तडा आपोआप बुजत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

"जरा दिवे बघतो," तो फरामर्जला म्हणाला. "मुलीच्या बापाचं कर्तव्य आहे." आणि कुणी अडवायच्या आत त्याने फुलं सरकवून बॉनेट उघडलं.

तो बघतच राहिला. मग फरामर्जच्या खांद्यावर हात ठेवून, हशमतकडे न बघता, हळू आवाजात म्हणाला, "जावईबापू, या गृहस्थांना विचारा, माझ्या धंद्यात हात घालायला ते कधीपासून लागले? हे नवं झाकण कुणी घातलं?"

"कसलं झाकण?" हशमत म्हणाला. "या गृहस्थांना सांगा, मी बल्बच्या डब्यांना हात लावत नाही." आणि तो पुढे आला, वाकला, आणि मातकट झाकण बघून त्याचं तोंड उघडंच राहिलं. काल ते काळं होतं. मग त्याचा चेहरा लाल झाला.

"तू!" तो यदुल्लावर ओरडला. "तू माझ्या अंगणात शिरलास! चोरासारखा! म्हणजे उद्या गावभर सांगता येईल, गाडी मी सुरू केली, हा नुसता पितळ घासत होता!"

"मी? मी तुझ्या अंगणात? मी तर वाट बघत होतो तुझी फजिती कधी होते त्याची! तूच चोरून बदललंस आणि फ्लोट फ्लोट म्हणून नाचलास!"

"खोटारड्या!"

"चोरा!"

इतक्या वर्षांनी दोघं एकमेकांशी बोलत होते, आणि ते त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं. बायका दारात जमल्या. बद्री खानुम सर्वांत पुढे होती, मान किंचित तिरकी करून.

"चल, तूबा!" हशमत गरजला. "एक क्षण थांबायचं नाही इथे. चादोर घे."

आत सफऱ्यापाशी, लग्नासाठी अंथरलेल्या कापडापाशी, आरशासमोर मर्जान पांढऱ्या पोशाखात बसली होती. खिडकीतून तिचा चेहरा तूबाला दिसला. ती उठायला लागली होती.

"झाकण मी घातलं," तूबा म्हणाली.

बद्री खानुमची तिरकी मान सरळ झाली.

"दादाशने मंगळवारी सांगितलं तडा आहे म्हणून. मी दुसऱ्या टोकाच्या दुकानातून नवं आणलं आणि तुम्ही हमामला गेलात तेव्हा बसवलं. कुणी चोर नाही. भांडू नका."

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. मग एकमेकांकडे. सरळ, डोळ्याला डोळा. यदुल्लाचं पोट आधी हललं. मग हशमतचे खांदे. आणि मग दोघंही असे हसत सुटले की फुलांनी भरलेल्या बॉनेटला हात टेकून उभं राहावं लागलं.

"आबजी!" यदुल्ला हसता हसता हुंदके देत म्हणाला. "कुठल्या हाताने गं? भात ढवळतेस त्या?"

"माझी तूबा!" हशमत म्हणाला. "अरे, हिला गॅसची नळी बसवायची असली तर मला हाक मारते! डिस्ट्रिब्युटर! या खुदा!"

"तूच म्हणालास ना, तूसुद्धा बसवशील?" तूबा भावाला म्हणाली.

"अगं, ते याला खिजवायला म्हणालो होतो मी!" यदुल्लाने हशमतच्या पाठीवर थाप मारली. हशमत म्हणाला, "मला खिजवायला? हलकटा!" आणि आणखी हसला. त्याचा हात यदुल्लाच्या खांद्यावर पडला आणि तिथेच राहिला.

तूबाने तोंड उघडलं. आखूड वायर कुठल्या भोकात जाते, ते ती सांगू शकली असती. तडा कुठल्या कडेला होता, तेही. मांजरवाल्या दुकानदाराला बोलावता आलं असतं. तिला खात्री होती की दोन वाक्यांत ती या दोघांचं हसू घशात घालील. पण मग एकाला कळलं असतं की त्याच्या फ्लोटने काही झालं नाही, आणि दुसऱ्याला कळलं असतं की त्याची फजितीची मजा बहिणीने हिसकावली. मग पुन्हा आकाशाकडे बघणं सुरू झालं असतं. तिने नवऱ्याचा हात भावाच्या खांद्यावर पाहिला आणि तोंड मिटलं. इतका अपमान तिचा आयुष्यात कुणी केला नव्हता, आणि इतकी वर्षं तिने मागितलेलं नेमकं तेच तिच्यासमोर उभं होतं.

"मला कळलं," यदुल्ला डोळे पुसत म्हणाला. "हा आपला नवरदेव! याने बदललं असणार, आणि आता सासऱ्यासमोर लाजतोय. का रे?"

फरामर्जने सासऱ्याकडे पाहिलं, उस्तादकडे पाहिलं आणि मान खाली घातली. नाही म्हणायला जी हिंमत लागते ती त्याच्याकडे नव्हती.

"शाब्बास, पठ्ठ्या!" हशमत म्हणाला. "फ्लोट माझा, झाकण तुझं! आणि यदुल्ला, ठिणगी तुझी, मान्य. अर्धी." दोघं गळ्यात पडले. गल्लीतले लोक टाळ्या वाजवायला लागले. कुणीतरी रडलंसुद्धा.

बद्री खानुम तूबाजवळ आली आणि तिने तिच्या दोन्ही गालांचे मुके घेतले. "चला, तूबाजान. साखर तुम्हीच घासायची. इतकं हसणारा नवरा नशिबाने मिळतो."

आत कापड धरलं गेलं. तूबाने साखरेचे सुळके हातात घेतले आणि घासायला सुरुवात केली. बाहेर हशमतचा आवाज येत होता, "गॅसची नळी, अरे!" आणि त्यावर यदुल्लाचं हसू. ती आणखी जोरात घासायला लागली. साखरेचा चुरा कापडावर भराभर पडत होता.

मर्जानने कापडाखालून हळूच वर पाहिलं. तिचे डोळे चमकत होते.

"आत्या, बाबा म्हणताहेत गाडी फरामर्जने दुरुस्त केली. खरंच? मला तर माहीतच नव्हतं त्याला हे येतं."

"त्यालाही माहीत नव्हतं," तूबा म्हणाली. "सरळ बस, केसांत साखर जाईल."